डाव्या बाजूचें मडगार्ड

गेल्या पावसाळ्यांत आमच्या ओटीवर, झोपाळ्याच्या शेजारीं, भिंतीला टेकून एक मोठें लोखंडी मडगार्ड तीन आठवडे उभें होतें. येणारा प्रत्येक जण आधीं त्याच्याकडे व मग माझ्याकडे पाही, आणि चहाचा पेला हातांत आल्यावर हळूच विचारी, "हें काय आरंभलें आहे, सर?" ज्या गृहस्थानें छत्तीस वर्षें महाविद्यालयांत गणित शिकविलें, आणि ज्याच्या हातून घरांतला एक खिळाहि कधीं सरळ ठोकला गेला नाहीं, त्यानें सत्तरी गांठल्यावर मालमोटारीचे पत्रे ठोकीत बसावें, हा प्रकार आमच्या आळींत कौतुकापेक्षां काळजीचाच अधिक झाला होता. घरांतल्या मंडळींनीं तर त्या मडगार्डाचें 'पाहुणे' असें नांवच ठेविलें. सकाळीं केर काढतांना सूनबाईंचा आवाज येई, "पाहुण्यांना जरा उचलतां का?"

पाहुणे खरे तर घरचेच होते. आमच्या परसांत, गोठ्याच्या पडक्या भिंतीआड, एक लॉरी चाळीसांहून अधिक वर्षें उभी होती. तिच्या डाव्या बाजूचें तें मडगार्ड. लॉरी आमच्या वडिलांची, म्हणजे नानांची. १९४९ सालची शेव्हरोलेट. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ सालीं बंद झाला. सुटे भाग जहाजानें येत आणि शिवडीस जोडले जात. मालमोटार त्या काळीं पुष्कळदां अर्धीच विकत मिळे. सांगाडा, इंजिन, पुढचें तोंड आणि दोन मडगार्डें, एवढाच ऐवज हातीं पडे. बसावयाची केबिन आणि मागचा हौदा ज्याचा त्यानें करून घ्यावयाचा. आमच्या लॉरीची केबिन सांगलीच्या एका सुतारानें सागवानांत केली होती, आणि तिच्या दाराला घरच्या कपाटाला असावी तशी पितळी कडी होती.

१९४८ च्या कुळकायद्यानंतर जमिनीच्या उत्पन्नावर घर चालण्याचे दिवस सरले. नानांनीं आजीच्या पाटल्या मोडल्या, कांहीं कर्ज काढलें आणि लॉरी घेतली. सांगलीकडून गुळाच्या ढेपा कोल्हापूरच्या बाजारांत न्यावयाच्या, येतांना मिळेल तो माल आणावयाचा, असा धंदा. चालक ठेवणें परवडेना, म्हणून कांहीं महिन्यांतच ते स्वतः चाकामागें बसले. पहाटे संध्या आटोपून, धोतर सोडून खाकी विजार चढवून लॉरी हांकावयास निघणारे आमचे नाना नातेवाइकांत पुष्कळ दिवस थट्टेचा विषय होते. कोणी तोंडावर हंसत, कोणी पाठीमागें. नाना मात्र त्या लॉरीवर दोन बहिणींचीं लग्नें, तिघां मुलांचीं शिक्षणें आणि घराचें कर्ज, एवढें सारें ओढून घेऊन गेले.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती मीं पन्नास वर्षें कोणालाहि सांगितली नव्हती. १९७३ च्या जूनमध्यें मला पुण्यास महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. वसतिगृहाचा अर्ज मीं स्वतःच्या हातानें भरला. 'वडिलांचा व्यवसाय' या शब्दांपुढें रिकामी ओळ होती. तेथें मीं 'शेती' असें लिहिलें. वास्तविक तोंवर आमच्या नांवें दोन एकर पडीक माळ उरला होता. अर्जावर पालकांची सही हवी होती. नानांनीं चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, त्या ओळीवर त्यांची नजर किंचित् थांबली असें मला वाटलें, आणि त्यांनीं सही केली. बोलले कांहीं नाहींत.

मला पोंचविण्यास ते लॉरी घेऊनच आले. ट्रंक, वळकटी आणि आईनें दिलेला चिवड्याचा डबा मागच्या हौद्यांत होता. वसतिगृहाच्या अलीकडच्या वळणावर मीं म्हटलें, "नाना, इथंच थांबवा. आंत गल्ली अरुंद आहे." गल्ली खरोखरच अरुंद होती, पण मीं थांबविलें तें त्यासाठीं नव्हे. त्यांनीं मला उतरवून दिलें आणि तेथेंच, त्या चिंचोळ्या जागेंत, लॉरी वळवूं लागले. कोपऱ्यावर एका जुन्या वाड्याचा दगड पुढें आलेला होता. मोठा आवाज झाला. डाव्या मडगार्डाला परातीएवढा पोचा पडला. नाना खालीं उतरले, त्यांनीं त्यावरून एकदां हात फिरविला, आणि "ठीक आहे, जा तूं, उशीर होईल," एवढें बोलून ते निघून गेले. तो पोचा त्यांनीं पुढें कधींच काढविला नाहीं. १९८१ सालीं लॉरी बंद पडून परसांत येऊन उभी राहीपर्यंत, आणि १९९६ सालीं नाना गेले तोंपर्यंत, तो पोचा तसाच होता. सुटींत घरीं आलों कीं माझी नजर पहिली तिकडे जाई. नानांनीं तो माझ्यासाठींच राखून ठेविला आहे, अशी माझी खात्री होती.

धाकट्या बंधूंच्या मनांत लॉरी मोडींत द्यावी असें पुष्कळ दिवस होतें. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परसांत साप निघूं लागले होते. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सकाळीं मीं म्हटलें, "ती मी नीट करवून घेईन." बंधूंनीं माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "दादा, तुम्हीं म्हणतां तर राहूं दे."

पहिला प्रयत्न फसला. शहरांतील एका कारखान्यानें डाव्या मडगार्डाचीं भोकें महिन्याभरांत बुजवून, वर चकचकीत हिरवा रंग चढवून दिला. मी हर्षभरित झालों. दुसऱ्या पावसाळ्यांत रंगावर फोड आले. एक फोड मीं नखानें टोकरला तर आंतून तपकिरी भुगा गळला आणि त्यामागें आकाश दिसलें. गंजलेल्या पत्र्यावर जाळी ठोकून तीवर बोटभर जाडीची पुट्टी थापली होती. पत्रा दुरुस्त झालाच नव्हता, तो फक्त झांकला गेला होता.

मग कोणीतरी मिरजेच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींचें नांव सुचविलें. ते आले, खिशांतून एक लहानसा हातोडा काढला आणि वैद्य रोग्याची छाती तपासतो तसे मडगार्डावर ठिकठिकाणीं वाजवून पाहूं लागले. जेथें पत्रा शाबूत होता तेथें खणखणीत नाद येई. जेथें गंजानें खाल्ला होता तेथें मडकें फुटकें असावें तसा बोदा. खडूनें त्यांनीं एक रेघ ओढली. रेघेच्या वर चांगला पत्रा, खालीं गेलेला. गंमत अशी कीं, रेघेच्या खालचा पुष्कळ भाग वरून मला अगदीं धडधाकट दिसत होता.

"सर, गंज वरून येत नाहीं, आंतून येतो," ते म्हणाले. मडगार्डाची खालची कड आंतल्या बाजूस दुमडलेली असते. चाकानें उडविलेला चिखल त्या दुमडींत जाऊन बसतो, महिनोन् महिने ओल धरून राहतो, आणि लोखंड पाठीमागून झिजत जातें. गंज झालेलें लोखंड मूळ लोखंडापेक्षां जास्त जागा घेतें, म्हणून तें फुगतें आणि वरचा रंग उचलतें. बाहेर फोड दिसतो तेव्हां आंतला व्यवहार बहुधा आटोपलेला असतो.

त्यांनीं रेघेवरून तो भाग कापून काढला. चाकाच्या मागून पायफळीपर्यंत उतरणारा, सुमारें दीड हात लांबीचा तुकडा. उजव्या बाजूचें मडगार्ड शाबूत होतें. त्यावर पुठ्ठा लावून, कात्रीनें लहान लहान चिरा देत त्यांनीं नमुना उतरविला आणि तो उलटा करून डाव्या बाजूसाठीं घेतला. पत्रा अठरा गेजचा घ्यावयाचा ठरलें, म्हणजे सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीचा. जस्ताचा थर दिलेला पत्रा गंजत नाहीं, तोच घ्यावा, अशी मीं विद्वत्तापूर्ण सूचना केली. मिस्त्री हंसले. तसला पत्रा जोडतांना जस्त जळून त्याचा धूर छातींत जातो आणि रात्रीं थंडी भरून ताप येतो, हें त्यांना ऐन तरुणपणीं अनुभवानें कळलें होतें. साधा काळजीपूर्वक लाटलेला मऊ पोलादी पत्राच आणला गेला.

येथें मला हुरूप आला. मिस्त्रींना दोन दिवस दुसरें काम होतें. तेवढ्यांत एका जादा तुकड्यावर आपण हात चालवून पाहावा, असें मीं ठरविलें. पत्रा नमुन्याप्रमाणें कापला, जुन्या जात्याच्या खुंट्यावर वांकविला. एका दिशेचा बांक उत्तम आला, पन्हाळीसारखा. पण मडगार्ड पन्हाळीसारखें नसतें. तें लांबींतहि वळतें आणि रुंदींतहि वळतें, डेऱ्याच्या पोटासारखें. दुसरी वळण देऊं लागतांच कडेला पत्र्याच्या लाटा उठल्या. एक लाट दाबावी तर शेजारीं दोन उभ्या राहत. सायंकाळपर्यंत माझ्या हातीं जें आलें तें मडगार्डापेक्षां अळूच्या पानासारखें अधिक दिसत होतें.

आतां यांत लाजिरवाणी गोष्ट अशी. गाऊस या जर्मन गणित्यानें १८२७ सालीं मांडलेल्या एका सिद्धांतावरून असें निघतें कीं, सपाट पृष्ठ ताणल्यावांचून, आंखडल्यावांचून किंवा फाडल्यावांचून गोलाच्या पृष्ठावर चपखल बसवितां येत नाहीं. म्हणूनच पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढणाऱ्याला कोठें ना कोठें खोटें बोलावें लागतें. हा सिद्धांत मीं कित्येक वर्षें फळ्यावर सिद्ध करून दाखविला. आणि तोच माझ्या हातांत पत्रा होऊन आला तेव्हां मीं त्याला ओळखलें नाहीं.

ओळखलें तें आमच्या काकूंनीं. काकू नव्वदी ओलांडलेल्या. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून माझा उद्योग त्या दिवसभर पाहत होत्या. म्हणाल्या, "अरे, तुझ्या पारीच्या कडेला पीठ जास्त झालंय."

मीं विचारलें, "म्हणजे काय, काकू?"

"मोदकाची पारी कधीं पाहिली नाहींस का? सपाट चकती तशीच वर उचलली तर कड अशीच नाचते. मधे अंगठ्यानं दाबून पातळ करायची, म्हणजे ती खोल होते. नि कडेला चुण्या घालून पीठ आंत घ्यायचं. वर तोंडाशीं जागा थोडी नि पीठ फार, मग तें जाईल कुठं?"

दोन दिवसांनीं मिस्त्री आले आणि अक्षरशः तेंच करूं लागले. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानें मधला भाग ठोकीत ते ताणूं लागले. कडेला लाटा उठूं लागल्या तशा त्यांनीं त्या दाबल्या नाहींत. उलट पकडींत धरून त्यांच्या नीट, उभ्या चुण्या पाडल्या. मग एकेक चुणी गॅसच्या ज्योतीनें लाल करून, टोंकाकडून आंत ठोकीत, तिच्यांतला पत्रा तिच्यांतच जिरविला. मध्यें पत्रा पातळ झाला, कडेला जाड झाला, आणि त्या दोहोंच्या ओढींतून पोट आलें. मीं काकूंचें म्हणणें त्यांना सांगितलें तेव्हां त्यांनीं हातोडा खालीं ठेवून झोपाळ्याकडे पाहिलें आणि कपाळाला हात लावला. "आईंना काम येतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून दुपारचा चहा घेतांना ते कामाची हकीकत मला न सांगतां काकूंना सांगूं लागले.

आकार आल्यावर मठारण्याचें काम. पत्र्याच्या पाठीमागें गुळगुळीत लोखंडी ठोकळा धरावयाचा आणि वरून सपाट तोंडाच्या हातोड्यानें हलके, सारखे, एकाला एक लागून ठोके देत जावयाचें. पुण्यास शिकत असतांना कसब्यांतल्या तांबट आळींतून जातांना हाच ताल मीं शेंकडों वेळां ऐकला होता. पेशवाईपासून तेथें वस्ती करून राहिलेले तांबट घागरीवर, बंबावर असेच ठोके देतात. त्यानें तांब्यावर ती ओळीनें चमकणारी नक्षी उमटते. ती नक्षी शोभेसाठींच असते अशी माझी समजूत होती. मिस्त्रींनीं सांगितलें कीं, त्या ठोक्यांनीं धातु घट्ट होतो आणि भांड्याला बळकटी येते. तांबट ठोक्यांच्या खुणा राखतो, मडगार्ड करणारा त्या पुसून टाकतो, एवढाच भेद. हातावर सुती फडकें घेऊन, डोळे मिटून मिस्त्री पत्र्यावरून तळवा फिरवीत. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळे.

जोडकामांत सर्वांत जास्त धीर लागला. नवा तुकडा जुन्या पत्र्याला एका दमांत सांधीत गेलें तर उष्णतेनें पत्रा फुगतो, निवतांना आंखडतो आणि सारा आकार वांकडा ओढून नेतो. म्हणून आधीं बोटाबोटाच्या अंतरावर टाके. एक टाका या टोंकाला, दुसरा त्या टोंकाला, मग मध्यें; प्रत्येकानंतर पत्रा हातानें धरवेल इतका निवूं द्यावयाचा. टाक्यांच्या मधल्या जागा अशाच सावकाश भरावयाच्या, आणि आंखडलेला सांधा ठोकून पुन्हां ताणून घ्यावयाचा. अमेरिकेंतल्या कारखान्यांत हेंच मडगार्ड प्रचंड दाबयंत्राच्या साच्यांत पाहतां पाहतां निघालें असेल. त्याच्या तिसऱ्या हिश्शाला आम्हांला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशीं मिस्त्रींनीं विचारलें, "सर, वरच्या पोच्याचं काय करायचं?"

पोचा खडूच्या रेघेच्या वर होता, म्हणजे शाबूत पत्र्यांत. तो तसाच ठेवावा, असें माझ्या मनानें फार पूर्वींच घेतलें होतें. मी म्हणालों, "तो राहूं द्या. ती एक आठवण आहे." आणि कसें कोण जाणे, मिस्त्री गेल्यावर त्या संध्याकाळीं मीं काकूंना ती सारी हकीकत सांगितली. अर्जावरचा शब्द, गल्लींतला दगड, नानांनीं फिरविलेला हात, आणि मला दिसावा म्हणून त्यांनीं आयुष्यभर राखून ठेवलेला तो पोचा.

काकू बराच वेळ झोंका घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "वेडा आहेस. कसला राग नि कसली आठवण! तुझ्या खाणावळीचे पैसे आगाऊ भरायचे होते. पोचा काढायला गॅरेजवाला चाळीस रुपये मागत होता. भावोजी म्हणाले, पोचा पडल्यानं गाडी चालायची थांबत नाहीं. पोराचं जेवण थांबेल. पुढं तुझ्या बहिणीचं लग्न आलं, मग टायरं आलीं. राहून गेलं तें. त्यांच्या तर ध्यानींहि नसेल."

मी गप्प बसलों. पन्नास वर्षें ज्याला मी नानांचा मूक ठपका समजत होतों, तो चाळीस रुपयांचा जमाखर्च निघाला. सुटकेसारखें कांहींतरी वाटलें, आणि लगेच तेंहि खरें नव्हे असें वाटलें. पोच्याचा अर्थ बदलला, पण अर्जावरचा शब्द बदलला नाहीं. तो मींच लिहिला होता, आणि नानांनीं तो वाचला होता. इतकीं वर्षें मी पोच्याकडे पाहत राहिलों, त्यामुळें त्या शब्दाकडे पाहण्याचें मला टाळतां आलें. पोचा बाहेरून पडतो. त्यांतला पत्रा अखंड असतो. नासतें तें आंतल्या दुमडींत, जेथें आपण सहसा हात घालीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं मिस्त्रींना सांगितलें, "काढून टाका पोचा." त्यांनीं कारण विचारलें नाहीं. पोचा पडतांना जी घडी शेवटीं पडते ती आधीं उलगडावी लागते, असें ते म्हणाले आणि कडेपासून मध्याकडे, पाठीमागून हळूहळू ठोकीत आले. अर्ध्या तासांत पत्रा आपल्या मूळ जागीं गेला. जणूं तो इतकीं वर्षें कोणी येण्याचीच वाट पाहत होता. मग आंतून-बाहेरून तांबडा अस्तराचा रंग लागला. दुमडींत मिस्त्रींनीं तो बोटानें भरला, आणि चिखलाचें पाणी निथळून जावें म्हणून खालीं दोन बारीक भोकें ठेविलीं. मूळच्या घडणींत तीं नव्हतीं.

दसऱ्याच्या दिवशीं लॉरी अंगणांत उभी होती. इंजिन अजून मुकेंच आहे. तें पुढच्या वर्षाचें काम. धाकट्या बंधूंनीं तिला झेंडूची माळ घातली, काकूंना खुर्चीवर बसवून बाहेर आणलें, आणि मिस्त्रींनीं आग्रह केल्यावरून चाकाशीं नारळ त्यांच्याच हातीं दिला. शेजारचीं मुलें जमलीं होतीं. त्यांतल्या एका लहान मुलीनें मला विचारलें, "आजोबा, ही कोणाची गाडी?"

"माझ्या वडिलांची," मीं सांगितलें. "ते लॉरी चालवीत असत."

ती माळेंतलें एक फूल घेऊन पळून गेली. तिला त्यांत विशेष असें कांहींच वाटलें नाहीं.